आधी ओ देणारा

माझ्या दादाला एक गोष्ट अजिबात सहन होत नाही. त्याच्यासमोर दुसऱ्या कोणाला प्रश्न विचारला गेला की उत्तर देऊन टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. डॉक्टर मला विचारतात, कुठे दुखतंय, आणि दादा सांगतो, उजव्या बाजूला, परवापासून. चपलांच्या दुकानात माझ्या पायाचं माप तोच सांगतो. बरं, उत्तर चुकलं तर माणसाने जरा ओशाळावं, तर तेही नाही. चुकीचं उत्तर तो इतक्या ठामपणे देतो की विचारणाऱ्याला वाटतं, आपणच चुकीचा प्रश्न विचारला असेल.

घरात हे खपून जातं. धंद्यात खपत नाही. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, ते दादाने पुढे कॉम्प्युटरचं केलं. त्याच दुकानाच्या जोरावर त्याने मला शिकवलं, आणि मी शिकून आल्यावर आम्ही कार्यालयांच्या नेटवर्कची कामं घ्यायला लागलो. पाटीवर आम्ही दोघं आहोत, पण दुकानाचा फोन त्याच्या खिशात असतो. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून विचारावं, सर्व्हर बदलावा लागेल का, आणि मी तोंड उघडेपर्यंत दादाने तो बदलायला लावलेला असावा, हे नेहमीचंच. पुढे तो बदलायचा मात्र मी.

यावरून मी भांडले, रुसले, एकदा तर गिऱ्हाइकासमोरच पक्कड आपटली. माझा स्वभाव काही साखरेत घोळलेला नाही. दादा मला ठिणगी म्हणतो, आणि ते लाडाने म्हणतो अशातला भाग नाही. भांडण झालं की दोन दिवस तो गप्प बसायचा आणि तिसऱ्या दिवशी माझ्या वतीने कोणाला तरी काहीतरी सांगून यायचा.

अशात मला एका मोठ्या कंपनीकडून बोलावणं आलं. दुसऱ्या शहरात, माझ्याच कामाचं. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मला जायचं होतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं की निम्मं जायचं होतं आणि निम्मं नाही. पण विचारलं कोणीच नाही, कारण दादाने सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं, की छे, ती कुठली जाते.

त्या रात्री जेवताना मी अट घातली. शनिवारी आम्हाला एका कार्यालयातल्या सगळ्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टिम भरायची होती. ते काम पूर्णपणे माझ्या हातात, माझ्या पद्धतीने. दादाने यावं, सामान उचलावं, पण कामात बोट घालायचं नाही. काम जमलं आणि तो मध्ये पडला नाही, तर मी नोकरीला नाही म्हणते. मध्ये पडला, तर मी चालले. आणि काम फसलं तरीही चालले, कारण मग दादाचंच म्हणणं खरं ठरणार, आणि ते जन्मभर ऐकत बसायची ताकद माझ्यात नाही.

दादाने घास गिळला आणि हो म्हणाला. वहिनी म्हणाली, मी साक्षीदार, आता दोघंही गप जेवा. वहिनीचा या घरात वाद मिटवण्याचा हा एकच मार्ग आहे आणि तो बहुतेक वेळा लागू पडतो.

कार्यालय इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांचं होतं. खाली लांबलचक हॉल, वर चार खोल्या आणि एक झेरॉक्सची खोली. सगळीकडे मोठमोठ्या पडद्यांचे कॉम्प्युटर आणि टेबलांच्या कडेला पुठ्ठ्याची इवलीशी घरं, ज्यांना हात लावायचा नाही अशी चिठ्ठी चिकटवलेली. सुट्टीचा दिवस, त्यामुळे माणूस म्हणाल तर फक्त मोठ्या बाई. त्या तिथल्या प्रमुख. सोमवारपासून सगळं कार्यालय एका हॉस्पिटलच्या आराखड्याला बसणार होतं, आणि त्याचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवर चालत नव्हता. म्हणून बाईंचा जीव टांगणीला. त्यांनी येऊन विचारलं, किती वेळ लागेल, आणि अर्थात दादालाच विचारलं.

 दादा खोकला, त्याने छताकडे बघितलं, मग बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या. मी सांगितलं, दुपारपर्यंत होईल. बाई निघाल्या आणि मी पाठ फिरवली, तेवढ्यात मागून त्याची कुजबुज ऐकू आली, की जरा जास्तच वेळ धरा. मी ऐकलं नाही असं दाखवलं, कारण एवढ्यावरून नोकरी धरणं माझ्याही जिवावर आलं असतं.

आता काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दादाच्या पद्धतीत एक पेन ड्राइव्ह घ्यायचा, एका कॉम्प्युटरसमोर बसायचं, त्यात सिस्टिम भरायची, ती भरेपर्यंत ज्याचं टेबल त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि मग पुढच्या टेबलाकडे सरकायचं. यात आठवडा जातो, पण दादाच्या चार ओळखी होतात आणि एखाद्याच्या घरभाड्याचा तंटाही मिटतो. माझ्या पद्धतीत एकच कॉम्प्युटर सगळे प्रोग्रॅम घालून नीट तयार करायचा. त्याचा जसाच्या तसा साचा, म्हणजे आमच्या भाषेत इमेज, सर्व्हरवर ठेवायचा. मग बाकीचे कॉम्प्युटर नेटवर्कवरून चालू करायचे. असा कॉम्प्युटर जागा झाला की केबलमधून हाक मारतो, कोणी आहे का, माझं काय करायचं. सर्व्हर ओ देतो, ये बाबा, हा घे साचा. सगळे एकदमच भरायला लागतात, आणि कोणाशी गप्पा माराव्या लागत नाहीत. दादाला या पद्धतीतला हाच सगळ्यात मोठा दोष वाटायचा.

खालचा हॉल अगदी लोण्यासारखा गेला. मी एकेक कॉम्प्युटर चालू करत गेले, एकेकाने हाक मारली, माझ्या सर्व्हरने ओ दिली आणि पडद्यांवर हिरव्या पट्ट्या पुढे सरकायला लागल्या. मोठ्या बाई चहा घेऊन आल्या. दादा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होता. मधूनच हात धुवायला म्हणून वर जायचा. मला वाटलं, बोलता येत नाही, तर बिचारा हातांना काहीतरी काम देतोय.

मग मी वरच्या मजल्यावर गेले आणि पहिल्याच खोलीत गाडं अडलं. कॉम्प्युटरने हाक मारली, कोणीतरी ओ दिली, आणि पडद्यावर अक्षरं आली. मंजुरीची वाट पाहत आहे, प्रशासकाशी संपर्क साधा. आता प्रशासक म्हणजे मीच. मी स्वतःशी संपर्क साधला. सर्व्हरमध्ये अशी एक सोय असते खरी, की नवा कॉम्प्युटर आला तर मालकाने हो म्हटल्याशिवाय त्याला काही द्यायचं नाही. पण ती मी बंद ठेवली होती. खाली जाऊन बघितलं, बंदच होती. उगाच चालू करून पुन्हा बंद केली, सर्व्हर झोपवून उठवला, आणि जिने चढून वर आले. पडदा म्हणत होता, मंजुरीची वाट पाहत आहे.

शेजारचा चालू केला, तोही थांबला. पलीकडचा मात्र सुरळीत भरायला लागला, आणि त्याच्या पलीकडचा पुन्हा अडला. ज्याने त्याने एकाच पद्धतीने बिघडावं अशी माझी किमान अपेक्षा असते. अर्धे चालतात आणि अर्धे नाहीत, हा बिघाड सगळ्यात वाईट, कारण तो माणसाला आशेवर ठेवतो. मी केबल बदलली. ती भिंतीतल्या दुसऱ्या भोकात घातली. एक अडलेला कॉम्प्युटर उचलून खाली हॉलमध्ये नेला, तर तिथे तो गुणी बाळासारखा भरायला लागला. हॉलमधला एक चांगला वर आणला, तो अडला. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हता, वरच्या हवेचाच होता म्हणायचं.

हे सगळं दादा बघत होता. मी कॉम्प्युटर घेऊन जिन्यावरून वरखाली करत असताना तो दुसरं टोक धरायचा आणि चकार शब्द काढायचा नाही. एकदा मी चिडून विचारलं, तुला काय वाटतं. तो म्हणाला, मला बोलायचं नाहीये. खरं सांगते, त्या क्षणी माझं मलाच वाईट वाटलं. वाटलं, आपण याला उगाच बांधून घातलं. आणि त्याहून वाईट हे वाटलं, की काम फसलं तर मला खरंच जावं लागणार. तोपर्यंत जाणं हा माझा रुबाब होता. आता ती धोंड माझ्याच गळ्यात येत होती.

मी खालच्या जिन्यावर बसले आणि पाणी प्यायले. दादा पुन्हा हात धुवायला गेला होता. इतक्यात वरून मोठ्या बाईंनी हाक मारली, की अहो, चालू झाले सगळे.

मी धावत वर गेले. खरोखरच, चारही खोल्यांमधल्या अडलेल्या कॉम्प्युटरांवर हिरव्या पट्ट्या सरकत होत्या. बाई खूश होत्या. दादा दाराला टेकून उभा होता आणि परीक्षेत पहिला आल्यासारखा हसत होता, पण परीक्षा दुसऱ्याची असल्यासारखा लगेच तोंड बंदही करत होता. जमलं की गं, असं तो म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. मीही हसले. तिथेच थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण माझा आपोआप बऱ्या होणाऱ्या यंत्रांवर विश्वास नाही. मी काहीच केलं नव्हतं, मग हे सुरू कसे झाले? खाली येऊन मी सर्व्हरसमोर बसले. कोणकोणता कॉम्प्युटर साचा नेतोय ते तिथे दिसतं. हॉलमधले केव्हाच संपले होते. वरचा एखाददुसरा नेत होता. चार खोल्यांमधल्या बाकीच्यांपैकी कोणीही माझ्याकडून काहीच घेत नव्हतं. वर ताटं भरत होती आणि माझं पातेलं तसंच होतं. मग वाढत कोण होतं?

मी पुन्हा वर गेले आणि एका पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेला पत्ता वाचला. ज्याने ओ दिली त्याचा नेटवर्कवरचा पत्ता तिथे येतो. तो माझ्या सर्व्हरचा नव्हता. त्याच्या शेवटी एकशे अकरा होतं. दादा जिथे जिथे काम करतो तिथे स्वतःच्या मशीनला एकशे अकरा आकडा देतो, कारण त्याच्या मते तो लक्षात राहतो. राहिला माझ्या लक्षात.

बाकी अवघड नव्हतं. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या स्विचला विचारलं, एकशे अकरा कुठल्या भोकात आहे, आणि स्विचने सांगितलं, झेरॉक्सची खोली. दार उघडलं, तर कागदाच्या गठ्ठ्यांमागे दादाचा कोट पडला होता आणि कोटाखाली त्याचा जुना लॅपटॉप घरघरत होता. पडद्यावर वरच्या सगळ्या अडलेल्या कॉम्प्युटरांची ओळ होती आणि प्रत्येकापुढे त्याने मंजूर असं टिचकावलेलं होतं.

दादा माझ्यामागून आला. मी वळले तेव्हा तो दारात उभा होता, आणि त्याचा चेहरा पाहून मला कळलं की हा पळून जाणार नाही. मी त्याला विचारलं, हे काय आहे. 

"राखीव सर्व्हर," तो म्हणाला. "तुझंच सगळं उतरवून घेतलं होतं परवा, तुझाच साचा. मी काही मध्ये पडत नव्हतो. मुद्दाम मंजुरीवर ठेवला होता, की मी हो म्हटल्याशिवाय त्याने कोणालाही काही द्यायचं नाही. म्हणजे तुझं चालू असताना तो गप्प. आणि तुझं अडलंच, तर मी इथून हळूच हो म्हणणार. तुला कळलंही नसतं. तुला वाटलं असतं, तुझंच जमलं."

मी म्हणाले, मला तसं का वाटायला हवं होतं.

"कारण नाही जमलं तर तू जाणार होतीस," दादा म्हणाला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, ती या वाक्याने जागीच थांबली, पण गेली नाही. हा माणूस मला खोटा विजय द्यायला निघाला होता, आणि तो मी खरा समजून घरी नेला असता. रागवावं की रडावं ते मला कळेना. त्यात तो मला समजावायला लागला. मी वरच्या मजल्यावर आल्यापासून तो लॅपटॉपवर पाहत होता, एकेक कॉम्प्युटर त्याच्या ओळीत येऊन उभा राहत होता. त्याला वाटलं, माझ्या सर्व्हरने उपाशी ठेवलेले बिचारे त्याच्याकडे आलेत. त्याने किती वेळ मन घट्ट केलं, म्हणे. मग मी जिन्यावर डोकं धरून बसलेली दिसले आणि त्याला राहवलं नाही.

"दादा, ते उपाशी नव्हते," मी म्हणाले. "त्यांनी हाक मारली. माझा सर्व्हर खाली, हा त्यांच्या शेजारी. मी ओ देईपर्यंत तू आधी ओ दिलीस. आणि ओ देऊन त्यांना थांबवून ठेवलंस. एकदा कोणी ओ दिली की ते दुसऱ्याकडे बघत नाहीत."

 दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं होतं, आणि ते त्याला एकेका पायरीने समजत होतं. गप्प राहावं म्हणून त्याने जो बंदोबस्त केला होता, त्यानेच सगळं अडवलं होतं. असली चूक फक्त माझा भाऊच करू शकतो. नुसतं गप्प बसायचं तर तो त्यासाठीसुद्धा एक यंत्र लावणार, आणि ते यंत्र आधी ओ देणार.

"म्हणजे मी हे ठेवलं नसतं," तो हळूच म्हणाला, "तर तुझं जमलं असतं?"

"केव्हाच," मी म्हणाले. हे बोलताना मला जितका आनंद होईल असं वाटलं होतं, तितका झाला नाही.

दादा वाकला आणि त्याने लॅपटॉपची केबल उपसली. खोल्यांमधल्या हिरव्या पट्ट्या जागीच थांबल्या. मग त्याने कोट झटकला, लॅपटॉप काखेत घेतला, व्हॅनची किल्ली माझ्या हातावर ठेवली. शब्द म्हणजे शब्द, असं म्हणाला. त्या लोकांना हो कळव, मी आड येणार नाही. आणि जिना उतरून गेला. मी त्याला थांब म्हणाले नाही. माझा राग अजून पुरता उतरला नव्हता, आणि मला ठिणगी काय उगाच म्हणतात का.

मी वरचे सगळे कॉम्प्युटर पुन्हा चालू केले. अर्धवट भरलेले पुसून पहिल्यापासून घेतले. या वेळी एकाचीही हाक वाया गेली नाही. ओळीने सगळे भरायला लागले, सर्व्हरवर सगळे दिसायला लागले, आणि मी त्या खोल्यांमधून एकटीच फिरत राहिले. आयुष्यभर मला हेच हवं होतं. पूर्ण काम माझं, मध्ये कोणी नाही. काम छान चाललं होतं आणि मला मात्र करमत नव्हतं. केबलचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता, एवढंच नव्हे. जमलं, हे सांगायला कोणी नव्हतं.

खिशात फोन होता. मला नोकरीला बोलावणाऱ्या कंपनीच्या बाईंना दोन ओळी लिहायच्या होत्या. मी अट घातली होती, दादा ती मोडून बसला होता, वहिनी साक्षीदार होती. मी हो असं लिहायला घेतलं, आणि तीच ओळ तीनदा पुसली.

तेवढ्यात मोठ्या बाई दम खात वर आल्या. चेहरा काळजीत होता. मी विचारलं, खाली काही बिघडलं का. त्या म्हणाल्या, तसं नाही, मला हॉस्पिटलच्या लोकांना वेळ कळवायची होती, तुम्ही कामात होता, म्हणून मी तुमच्या भावांना फोन केला. किती वेळ लागेल, एवढंच विचारलं.

"मग?" मी म्हणाले. मला उत्तर ठाऊक होतं. दादाने पाच वाजता म्हणून सांगितलं असणार, किंवा सहा, आणि तेही छातीठोक.

"ते म्हणाले, मला माहीत नाही, तिला विचारा," बाई म्हणाल्या. "दोनदा विचारलं हो मी, दोन्ही वेळा तेच. त्यांना बरं नाही का?"

मी हसायला लागले. बाई बघत राहिल्या, मला थांबता येईना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायलाही मला सुचेना. माझ्या दादाने हे वाक्य आजवर कधी उच्चारलं नव्हतं. ज्यांची त्याला खरंच माहिती नव्हती, अशा हजार गोष्टींबद्दलही नव्हतं. आणि आता तर त्याच्याकडे मिळवायला काही उरलं नव्हतं. पैज तो हरला होता, मला जा म्हणून मोकळा झाला होता, मी समोर नव्हते. फोनवर काहीही ठोकून दिलं असतं तरी मला कुठे कळणार होतं. कोणी बघत नसताना तो गप्प बसला होता, आणि या वेळी कुठलंही यंत्र न लावता.

बाईंना मी वेळ सांगितली आणि माझे भाऊ ठणठणीत आहेत असंही सांगितलं. मग झेरॉक्सच्या खोलीत जाऊन, दार लावून, कंपनीच्या बाईंना लिहिलं की आभारी आहे, मला इथून निघता येणार नाही. कारण दिलं नाही. दिलं असतं तर त्यांना ते कळलं नसतं.

काम संपवून खाली आले, तेव्हा दादा व्हॅनशी उभा होता. घरी गेलाच नव्हता. किल्ली माझ्याकडे, त्यामुळे आत बसता येत नव्हतं, म्हणून लॅपटॉप काखेत धरून इतका वेळ फुटपाथवर फेऱ्या मारत होता. मला बघून त्याने माझ्या दोन्ही हातांतलं सामान घेतलं आणि मागे नीट लावून ठेवलं. काही विचारलं नाही.

मी गाडी चालवायला बसले, तो शेजारी. काम झालं का आणि मी जाणार का, हे दोन्ही प्रश्न त्याच्या घशापर्यंत येऊन परत जात होते, ते मला स्वच्छ दिसत होतं. मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी घेतली. एवढा हक्क माझा होता. तो बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचत होता, एकेक, मनातल्या मनात, ओठ हलवत.

"काम झालं," मी अखेर म्हणाले. "सगळे व्यवस्थित भरले. आणि त्या लोकांना मी नाही म्हणून कळवलं."

दादाने मान वळवली नाही. नुसता बाहेर बघत राहिला आणि कोटाच्या बाहीने आधी एक डोळा पुसला, मग दुसरा. मीही समोर बघून गाडी चालवत राहिले, कारण माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.  पुढच्या चौकात मी सांगितलं की सोमवारी ते लोक कामाला बसतील तेव्हा शंभर शंका निघतील, मी एकटी पुरी पडणार नाही, तिथे माणूस लागेल.

तो म्हणाला, "किती वाजता येऊ?"

मी नऊ सांगितलं. आता हा आठलाच तिथे जाऊन उभा राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. पण त्याने विचारलं होतं.